'अपर-बॉडी इंज्युरी'ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न
भाचा टोरांटोला असतो, त्याच्यामुळे एनएचएल या तिकडच्या व्यावसायिक लीगच्या आइस हॉकीचा नाद लागला. सामन्यांवर मराठीत लिहायला बसले की एका शब्दापाशी गाडी अडते. खेळाडू लंगडत आत गेला की संघ सांगतो 'लोअर-बॉडी इंज्युरी'. खांदा धरून गेला तर 'अपर-बॉडी'. गुडघा की घोटा, पत्ता लागू देत नाहीत. मी 'कमरेखालची दुखापत' लिहिलं तर घरचे खो खो हसले.

जुना डेस्कवाला
हसणारच. मराठीत 'कमरेखालचा' म्हटलं की एक तर विनोद, नाहीतर वार! पण ताई, हा शब्द दुखापत सांगायला नाहीच, झाकायला आहे. लीगचा नियम असा: खेळाडू दुखापतीमुळे सामन्याला नसेल किंवा चालू सामन्यात परतणार नसेल तर तेवढं कळवायचं. नेमकं काय झालंय ते सांगायची सक्ती नाही, खोटं मात्र सांगायचं नाही. शुद्ध 'नरो वा कुंजरो वा'. माझं मत 'मोघम दुखापत'ला.

टोरांटोकर
झाकतात त्याला कारण आहे. मनगट दुखतंय हे कळलं, की पुढच्या सामन्यात गोलसमोरच्या रेटारेटीत स्टिकचा फटका नेमका त्याच मनगटावर येतो.

२०१३च्या स्टॅन्ली कप फायनलला, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत, बॉस्टनचा पॅट्रिस बर्जरॉन पाचव्या सामन्यातून बाहेर गेला. प्रशिक्षक क्लॉद ज्युलियन म्हणाले, 'बॉडी इंज्युरी'. वरची की खालची तेवढंसुद्धा नाही! गडी सहावा सामना खेळला. बॉस्टन हरलं, कप शिकागोला गेला आणि मग यादी बाहेर आली: बरगडी मोडलेली, तिथली कूर्चा फाटलेली, खांद्याचा सांधा निखळलेला, वर फुफ्फुसाला छिद्र. याला 'दुखापत' म्हणायचं तरी कसं?

फिजिओ, नाशिक
काहीही करा, 'वरच्या अंगाची दुखापत' लिहू नका. 'अंगावरून आंघोळ' आणि 'डोक्यावरून आंघोळ' आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपण अंगात डोकं धरत नाही. 'अपर-बॉडी'त मात्र डोकं येतं आणि खरी गोम तिथेच आहे. कन्कशन, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला बसलेला हादरा, तोही याच नावाखाली खपून जातो. 'वरचं अंग' वाचून आपला वाचक खांदा-छाती समजेल, म्हणजे तुम्ही संघापेक्षाही जास्त झाकाल. मनगटाचं गुपित मला समजतं, डोक्याचं नाही पटत.

जुना डेस्कवाला
हा मुद्दा बिनतोड. 'मोघम' मागे घेतो, कारण तो आपला शेरा झाला, संघाचे शब्द नव्हेत. अमेरिकन फुटबॉलमध्ये, एनएफएलला, संघांना गुडघा, घोटा असं अवयवाचं नाव यादीत द्यावं लागतं. तिथे तुमची ही अडचणच येणार नाही.

प्रश्नकर्ती
मग असं चालेल? 'खांदा धरून बाहेर गेला. संघ म्हणतो, अपर-बॉडी इंज्युरी.'

फिजिओ, नाशिक
चालेल. आधी दिसलं ते, मग सांगितलं ते.

टोरांटोकर
आता खेळाडू कधी परतेल विचारलं की संघ म्हणतो 'डे-टू-डे', त्याचं काय करणार? 'आज ना उद्या' नको हं, त्यात आशा फार आहे.

जुना डेस्कवाला
'रोजचं रोज बघू'.