‘ओरिजिनल सिक्स’ला मराठीत काय म्हणावं?

पाटीपेन्सिल :
नॅशनल हॉकी लीग म्हणजे कॅनडा-अमेरिकेतली आइस हॉकीची, बर्फावरच्या हॉकीची, स्पर्धा. तिच्या इतिहासावरच्या एका लेखाचा अनुवाद चालू आहे. माँट्रियल कॅनेडियन्स, टोरंटो मेपल लीफ्स, बॉस्टन ब्रुइन्स, न्यूयॉर्क रेंजर्स, शिकागो ब्लॅकहॉक्स आणि डेट्रॉइट रेड विंग्ज यांना मिळून ‘ओरिजिनल सिक्स’ म्हणतात. ‘मूळ सहा’ लिहू की ‘आद्य सहा’? फ्रँचायझी, पक (ज्याने खेळतात ती रबरी चकती) आणि स्टॅनले कप (लीगच्या विजेत्याला मिळतो तो) यांचंही अडलंय.

चिंचबोर :
दोन्ही नकोत. इंग्रजी नावच चुकीची समजूत करून देतं. लीग स्थापन झाली २६ नोव्हेंबर १९१७ ला, माँट्रियलमध्ये. पहिल्या हंगामात बर्फावर उतरले चार संघ : कॅनेडियन्स, माँट्रियलचाच वाँडरर्स, ओटावा आणि टोरंटो. जानेवारी १९१८ मध्ये रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान असलेली इमारत, जळाली आणि वाँडरर्स संपला. म्हणजे तुमच्या सहांपैकी खरे आद्य दोनच. बॉस्टन आला १९२४ मध्ये; रेंजर्स, शिकागो, डेट्रॉइट १९२६ मध्ये. तेव्हा संघ दहा होते. मंदीत आणि महायुद्धात एकेक गळत गेला, १९४२ मध्ये ब्रुकलिन अमेरिकन्स बंद पडला आणि सहा उरले. पुढची पंचवीस वर्षं तेवढेच. १९६७ मध्ये लीगने एका दमात सहा नवे संघ घेतले. त्यांच्या मानाने हे ‘ओरिजिनल’. पहिल्या उल्लेखात ‘विस्तारापूर्वीचे सहा’ असं लिहून वर्षं द्या, पुढे ‘जुने सहा’ म्हणा. ‘आद्य’ लिहिलंत तर वाचक ओटावाला विसरेल.

ओसरी :
‘जुने सहा’ छान. संघांची नावं मात्र भाषांतरित करू नका. टोरंटोचा संघ आधी सेंट पॅट्रिक्स होता, १९२७ मध्ये कॉन स्माइथ यांनी त्याचं मेपल लीफ्स केलं. पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैनिकांच्या बिल्ल्यावर असलेल्या पानावरून. इंग्रजीत पानांचं अनेकवचन ‘लीव्ह्ज’, पण संघ ‘लीफ्स’, कारण ते विशेषनाम आहे. आपल्याकडे बागेतल्या ‘फुलांचा’ हार होतो आणि जोतिराव ‘फुल्यांचा’ विचार, तसंच हे. कृपया ‘लीव्ह्ज’ अशी दुरुस्ती करू नये.

आणि कॅनेडियन्सचं टोपणनाव ‘हॅब्स’ आलं ‘आबितां’ या फ्रेंच शब्दावरून. क्वेबेकमध्ये जमीनदाराकडून जमीन घेऊन कसणाऱ्या वसाहतकऱ्यांना तो शब्द होता. ‘कुळं’ हा शब्द जवळचा. पण त्यांच्या चिन्हातलं ‘एच’ हे अक्षर त्याचं नाही, ते ‘हॉकी’चं आहे. ही गफलत अनेक लेखांत सापडते.

गोटीसोडा :
फ्रँचायझीला, म्हणजे लीगमध्ये संघ चालवण्याच्या हक्काला, ‘संघहक्क’ म्हणा. ‘संघ’ एवढंच लिहिलंत की इतिहास सांगताना गोंधळ होतो. जुना विनिपेग जेट्स १९९६ मध्ये फीनिक्सला गेला आणि कायोटीज झाला. २०११ मध्ये अटलांटा थ्रॅशर्स विनिपेगला आला आणि त्याने जेट्स हे नाव घेतलं. नाव एक, संघहक्क वेगळे, आणि विक्रम चालतात हक्कामागून. ओटावा सेनेटर्सचंही तसंच : पहिला १९३४ मध्ये सेंट लुइसला हलून वर्षभरात बंद झाला, आजचा १९९२ पासूनचा. म्हणून ‘पुनरागमन’ हा शब्द शहराला लावा, संघाला नको.

किराणा घराण्याचं नाव कैरानावरून पडलं आणि अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले तरी नाव तेच राहिलं. इथे उलट. नाव गावाशी, वारसा हक्काशी.

पाटीपेन्सिल :
पटलं. स्टॅनले ‘चषक’ की ‘करंडक’?

ओसरी :
चषकच. करंडक म्हणजे झाकणाची डबी. कुंकवाचा करंडा त्यातलाच. रणजी करंडक रूढ झाला ते ठीक. पण स्टॅनलेच्या टोकावर खरोखर वाडगा आहे आणि विजेते त्यातून शॅम्पेन पितात; १८९६ मध्ये विनिपेग व्हिक्टोरियाजपासूनची चाल. कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनले यांनी तो १८९२ मध्ये देणगी म्हणून दिला, १८९३ मध्ये पहिल्यांदा विजेत्याला मिळाला. सुरुवातीला तो ‘आव्हान चषक’ होता : ज्याच्याकडे असेल त्याने आव्हान देणाऱ्याशी खेळायचं.

चषकावर विजेत्यांची नावं असतात, त्यांच्यासाठी ‘कोरणे’पेक्षा ‘नाव घालणे’ वापरा. भांड्यांवर नाव घालतात हे आपल्याला ठाऊक आहे, फक्त तिथे टिंबाटिंबाने आणि इथे पोलादी ठसा हातोडीने ठोकून, एकेक अक्षर. ठोकलेलं अक्षर सहज पुसता येत नाही, म्हणून चुका दिसत राहतात. १९६३ मध्ये ‘लीफ्स’मधल्या ‘एफ’च्या जागी ‘ई’ पडला, १९७२ मध्ये ‘बॉस्टन’मधल्या दोन्ही ‘ओ’च्या जागी ‘क्यू’. १९८४ च्या एडमंटन ऑइलर्सच्या यादीत मालकांनी वडिलांचं नाव घातलं, लीगने त्यावर ‘एक्स’ची रांग ठोकून ते झाकलं. खालच्या भागात पाच पट्टे असतात, एकेका पट्ट्यावर तेरा विजेते. शेवटचा भरला की सर्वांत वरचा काढून टोरंटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये ठेवतात, बाकीचे वर सरकवतात आणि खाली कोरा पट्टा येतो. त्यामुळे ‘आजपर्यंतच्या सर्व विजेत्यांची नावं चषकावर आहेत’ हे वाक्य लिहू नका.

चिंचबोर :
पकला ‘चकती’. तीन इंच व्यास, एक इंच जाडी, वजन सुमारे १५६ ते १७० ग्रॅम, कडक रबर. सामन्याआधी ती गोठवतात, कारण कोमट रबर बर्फावर उसळतं आणि काठीच्या ताब्यात राहत नाही. सवयीने ‘चेंडू’ लिहिलं जातं, तेवढं तपासा.

रेड विंग्जचे प्रेक्षक बर्फावर ऑक्टोपस फेकतात, त्याला बिनदिक्कत ‘अष्टपाद’ लिहा. १५ एप्रिल १९५२ ला पहिला पडला तेव्हा चषकासाठी आठ विजय लागत. आठ पाय म्हणजे आठ विजय. मराठी शब्दातच प्रथेचं कारण दिसतं.

पाटीपेन्सिल :
हॅट-ट्रिक तशीच ठेवते. लेखात एका खेळाडूचे तीन गोल आहेत, प्रेक्षकांनी फेकलेल्या टोप्या बर्फावर पडल्या असंही आहे. ‘सलग तीन गोल’ लिहू?

गोटीसोडा :
नको. ‘सलग’ क्रिकेटमधून येतं, तिथे तीन ओळीच्या चेंडूंवर तीन बळी लागतात. हॉकीत एका सामन्यात एकाच खेळाडूचे तीन गोल झाले की पुरे, मध्ये इतरांनी केले तरी चालतं. मध्ये कोणत्याच संघातल्या दुसऱ्या कुणी गोल केला नसेल तर ती ‘नॅचरल हॅट-ट्रिक’, आणि ‘सलग’ तिथेच लावा. मूळ लेखात तिन्ही गोलांच्या वेळा दिल्या असतील, त्यांच्या मध्ये दुसऱ्या कुणाचा गोल आहे का ते आधी बघा.