मंदीत राज्य सरकारनं खर्च कापायचा की वाढवायचा?

(सोलापूरकरांची चर्चा, बोलणाऱ्याच्या नावाऐवजी त्याचा भाग लिहिलाय.)

अक्कलकोट रोड :
लॉकडाऊनमधला, ४ मे २०२० चा महाराष्ट्र सरकारचा आदेश आठवतोय का कुणाला? त्या वर्षी विकासकामांना तरतुदीच्या फक्त ३३ टक्के पैसे, उरलेल्या ६७ टक्क्यांना कात्री, नवीन कामं नाहीत, नोकरभरती बंद. आरोग्य आणि मदतकार्य असले मोजके विभाग सोडून सगळ्यांना. आता परत जिकडं तिकडं मंदी येणार मंदी येणार म्हणायलेत म्हणून विषय काढलाय. माझं मत स्पष्ट आहे, तो निर्णय चुकीचा होता, आणि परत तसंच झालं तर सोलापूरसारखं गाव लवकर उठायचं नाही.

माझे टॉवेलचे लूम आहेत. त्या वर्षी बाहेरची ऑर्डर बंद, दुकानं बंद, शाळा बंद म्हणून आपल्याकडच्या युनिफॉर्मवाल्यांचा अख्खा सीझन पाण्यात. केंद्रानं ३ लाख कोटींची कर्जहमी योजना काढली, जुन्या कर्जाच्या २० टक्के जादा कर्ज बिनतारण, बँकेनं स्वतः फोन करून दिलं आणि मी घेतलंही. पण कर्जानं काय होतं, बीमवर सूत चढवलं, माल काढला, गठ्ठे बांधून गोडाऊनला लावले आणि उचलायला गिऱ्हाईकच नाही, व्याज मात्र सुरू. एप्रिल ते जून २०२० मध्ये देशाचा जीडीपी जवळपास २४ टक्क्यांनी पडला होता, कोण घेणार टॉवेल? अशा वेळी बाजारात एकच मोठं गिऱ्हाईक उरतं ते म्हणजे सरकार. हॉस्पिटलच्या चादरी, वसतिगृहाची ब्लँकेटं, रस्ते, पाईपलाईन, शाळेच्या खोल्या. नेमकं त्यानंच हात आखडता घेतला. कर्ज काढून का होईना त्या वर्षी सरकारनं खर्च करायला पाहिजे होता.

उत्तर कसबा :
मालक, तुमचं दुःख मान्य, पण तुम्ही राज्य आणि केंद्र एकाच मापात मोजायलाव. नोटा छापायचा अधिकार राज्याला नाही, स्वतःची रिझर्व्ह बँक नाही. केंद्राचं कर्ज अंगावर असेल तर घटनेच्या कलम २९३(३) प्रमाणं बाजारातनं कर्ज घ्यायला केंद्राची परवानगी लागते. वर २००५ चा आपलाच वित्तीय जबाबदारी कायदा, तूट, म्हणजे कर्जानं भागवायचा वर्षाचा खर्च, राज्याच्या उत्पन्नाच्या ३ टक्क्यांत ठेवायची. उत्पन्न म्हणजे तिजोरीचं नव्हे, अख्ख्या राज्यात वर्षभरात जेवढं तयार होतं ते.

एप्रिल २०२० मध्ये जीएसटी नाही, मुद्रांक शुल्क नाही, दारूची दुकानं बंद, पेट्रोल कुणी भरत नाही. पगार, पेन्शन आणि व्याज ह्या तीन गोष्टींतच राज्याच्या महसुलाचा निम्म्याहून जास्त पैसा जातो आणि त्या थांबत नाहीत. मार्च २०२० चा पगारसुद्धा दोन टप्प्यांत द्यायची वेळ आली होती हे विसरू नका. मी आयुष्यभर सरकारी हिशेब बघितलेत. तिजोरीत येणंच बंद झालं की पहिली कात्री बांधकामालाच लागते, दुसरं कापता येण्यासारखं काही नसतंच. घरात कमवणारा बसला तर माणूस नवीन मजला चढवायला काढत नाही.

अक्कलकोट रोड :
सर, घराचं उदाहरण इथं लागू होत नाही. माझ्या घरानं खर्च कमी केला तर माझा पगार कमी होत नाही. सरकारनं खर्च कमी केला की ठेकेदार सिमेंट घेत नाही, सिमेंटवाला माणसं कमी करतो, ती माणसं कपडा घेत नाहीत, आणि सरकारचा जीएसटी अजून पडतो. म्हणजे तूट भरायला खर्च कापला आणि त्या कापण्यानंच परत तूट वाढली.

आणि ते ३ टक्के कशाचे? राज्याच्या उत्पन्नाचेच ना. मंदीत उत्पन्न आकसलं की कर्ज काढायची मर्यादापण आकसते, जेव्हा सगळ्यात जास्त गरज तेव्हाच दोरी आवळली जाते. हे केंद्रालाही कळलं म्हणून तर मे २०२० मध्ये मर्यादा ३ वरनं ५ टक्के केली. पण त्यातला अर्धाच टक्का बिनशर्त. बाकी दीड टक्का वन नेशन वन रेशन कार्ड करा, वीज वितरण सुधारा, नगरपालिकांचं उत्पन्न वाढवा, असल्या अटींवर. अहो माणूस बुडायलाय आणि तुम्ही त्याच्याकडनं फॉर्म भरून घ्यायलाव! २००९ च्या जानेवारीत जागतिक मंदी होती तेव्हा राज्यांना अर्धा टक्का जादा कर्ज घ्यायची मुभा दिली होतीच की.

उत्तर कसबा :
२००८-०९ चं नाव काढलंत ते बरं झालं, पुढचं पण सांगा. केंद्राची तूट त्या वर्षी ६ टक्क्यांवर गेली, पुढच्या वर्षी त्याच्याही वर, आणि नंतरची दोन-तीन वर्षं महागाईनं कंबरडं मोडलं. खर्च वाढवणं सोपं आहे, मंदी गेल्यावर तो खाली आणायची धमक कुठल्याच सरकारात दिसत नाही.

विडी घरकुल :
अण्णा आणि सर, तुम्ही दोघं सिमेंट आणि टक्क्यांवरच बोलायलाव. मी विड्या वळणाऱ्या घरातली आहे. लॉकडाऊनमध्ये कारखाना बंद, म्हणजे पान नाही, तंबाखू नाही, मजुरी शून्य. इथं हजार विड्यांवर पैसे मिळतात, त्यातनं पण खराब म्हणून काही विड्या छाटून काढतात, साठवायला काय उरतं? आईच्या जनधन खात्यावर एप्रिल, मे, जून असे तीन महिने ५००-५०० रुपये आले. रेशनवर तांदूळ मिळाला म्हणून चूल पेटली, पण तेल, गॅस, औषध, लाईट बिल? तुमचा रस्ता झाला असता तरी त्यावर आमच्या आईला काम मिळालं नसतं, तिथं जेसीबी चालतो.

मंदीत पहिले पैसे बाईच्या हातात द्या, ते त्याच आठवड्यात गल्लीतल्या किराणा दुकानात जातात. केरळनं मार्च २०२० मध्येच २० हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात कुटुंबश्री ह्या तिथल्या बचतगटांच्या बायकांना कर्ज देण्यासाठी २ हजार कोटी होते. आपल्या सरकारला ते का सुचलं नाही?

उत्तर कसबा :
ताई, तुमच्या घरी पैसे पोचायला पाहिजे होते ह्यात वाद नाही. उपासमारीच्या वेळी हिशेब बघायचा नसतो. माझा वाद चांगल्या वर्षांशी आहे. लाडकी बहीण २०२४ ला आली, तेव्हा मंदी होती का? नव्हती. वर्षाला ४६ हजार कोटी लागतील असं तेव्हा सांगितलं गेलं. २०२५-२६ च्या बजेटात राज्याचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज होता आणि महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटी. महसुली तूट म्हणजे काय, तर धरण किंवा रस्त्यासाठी नाही, रोजचा खर्च भागवायला काढलेलं कर्ज. सुकाळातच अशी उधारी केली तर दुष्काळात कुणाकडं जायचं?

आणि पैशाची ताकदपण सारखी नसते. एनआयपीएफपी ह्या दिल्लीच्या संस्थेच्या २०१३ च्या अभ्यासात होतं, भांडवली खर्चाचा, म्हणजे रस्ते-धरणं असल्या कामांचा, १ रुपया अर्थव्यवस्थेत २.४५ रुपये फिरवतो आणि हातात वाटलेला १ रुपया ०.९८. एवढा फरक आहे.

विडी घरकुल :
तो २.४५ आमच्या वस्तीत कधी पोचतो ते पण सांगा की सर. टेंडर, मंजुरी, कोर्ट, वर्क ऑर्डर. सोलापूरजवळच्या कुंभारीचं रे नगर बघा, ३० हजार घरांचा प्रकल्प, विडी आणि लूम कामगारांसाठी. जानेवारी २०१९ ला भूमिपूजन, आणि पहिल्या १५ हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ ला. चांगलंच काम झालं, मला त्याचा अभिमान आहे, पण पाच वर्षं लागली. मंदी पाच वर्षं थांबते का? पोटाला आज लागतं.

सांगोला रोड :
ह्या दोन्हीच्या मधली वाट महाराष्ट्रानंच दाखवलीय आणि कुणी नाव घेईना. १९७२ चा दुष्काळ. आमच्या तालुक्यात माणसं खडी फोडायला, नालाबांध आणि पाझर तलावाच्या कामावर होती, माझे वडील सांगायचे की हातोडीनं खडी फोडून ढीग लावायचा, मुकादम मापायचा आणि मापावर पैसे. मे १९७३ मध्ये राज्यभर जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. त्यातनं वि. स. पागेंच्या कल्पनेची रोजगार हमी उभी राहिली, १९७७ चा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासनं लागू. हातात पैसा पण आणि मागं तलाव पण. आमचा तलाव आजपण पावसाळ्यात भरतो आणि खालच्या विहिरींना पाणी राहतं.

महत्त्वाचं म्हणजे तो खर्च कर्जावर नव्हता. १९७५ ला व्यवसाय कर लावला, शहरातल्या पगारदारानं दिला, जेवढा कर जमा झाला तेवढीच भर सरकारनं घालायची असं कायद्यातच होतं. म्हणजे उत्तर कसबावाल्या सरांचं पण ऐकलं आणि ताईंचं पण.

अक्कलकोट रोड :
रोहयो, म्हणजे ती रोजगार हमी, मान्यच. पण दादा, व्यवसाय कराची वरची मर्यादा घटनेत वर्षाला २५०० रुपये आहे, १९८८ पासनं तीच. तेव्हाचे २५०० आणि आजचे २५०० ह्यात किती अंतर आहे ते तुम्हीच बघा. त्या पैशावर आता शहरी मंदीला उत्तर देता येणार नाही. आणि रोहयो खेड्यासाठी, सोलापूर शहरातला लूम कामगार फावडं घेऊन कुठं जाणार? त्याला त्याच्याच कामातली ऑर्डर पाहिजे.

विजापूर रोड :
एक व्यवहारातली गोष्ट सांगतो, छोटा ठेकेदार आहे. पॅकेज, टक्के, सगळं ठीक, पण झालेल्या कामाचे पैसे तरी द्या. एका खात्याचं काम पूर्ण करून दिलं, एमबी (कामाच्या मोजमापाची वही) लिहून झाली, बिल पास झालं, आणि मग रोज तेच उत्तर, बीडीएसवर (खात्यांना निधी सोडायची सरकारची कॉम्प्युटर यंत्रणा) निधी आला नाही. मार्चअखेरीला थोडे पैसे सुटले तेपण तुकड्यातुकड्यानं. तोपर्यंत मी डिझेलवाल्याला थांबवलं, खडीवाल्याला थांबवलं, मजुरांना थांबवता येत नाही म्हणून घरातलं सोनं ठेवलं. मंदीत ज्या दिवशी सरकार नवीन १०० कोटींच्या कामाची घोषणा करतं त्या दिवशी मला नवीन काम नको वाटतं, जुन्या कामाचे पैसे पाहिजे असतात. तीस दिवसांत जुनी बिलं चुकती करा, टेंडर नको, मंजुरी नको, कोर्ट नको, तो पैसा थेट बाजारात येतो. ताईंना पाहिजे तेवढा लवकर.

उत्तर कसबा :
हे शंभर टक्के पटलं. थकलेलं बिल हे पण कर्जच, फक्त ते सरकारच्या कागदावर न दिसता ह्यांच्या डोक्यावर असतं, आणि बिनव्याजी. तूट ३ टक्क्यांच्या आत दाखवायला ठेकेदाराचे पैसे अडवणं हे मी वित्तीय शिस्त मानत नाही. पण बिलं का थकतात तर तिजोरीत पैसे नसताना कामं मंजूर करतात म्हणून. म्हणजे परत माझ्याच मुद्द्यावर आलो. चांगल्या वर्षात महसुली तूट शून्य ठेवा, मंदीत ५ टक्के काय ६ टक्के घ्या, माझी हरकत नाही.

अक्कलकोट रोड :
आणि चांगलं वर्ष वाया गेलेलं असताना मंदी आली तर? कारण तसंच होणार आहे. तेव्हा मागच्या सरकारची शिक्षा कामगाराला द्यायची का? मी म्हणतो द्यायची नाही. उजनी धरणावरनं सोलापूरला येणारी समांतर जलवाहिनी वर्षानुवर्षं रखडली, गावाला चार-पाच दिवसांआड पाणी यायचं. अशी मंजूर झालेली, पैशावाचून अडलेली कामं प्रत्येक शहरात आहेत. केंद्रानं ऑक्टोबर २०२० मध्ये राज्यांना भांडवली कामासाठी ५० वर्षांचं बिनव्याजी कर्ज द्यायला सुरू केलं, पहिल्यांदा फक्त १२ हजार कोटी, तेपण सगळ्या राज्यांत मिळून. पुढं ते दीड लाख कोटींपर्यंत नेलं, पण तोपर्यंत मंदी संपली होती. ते दीड लाख कोटी २०२० ला पाहिजे होते.

उत्तर कसबा :
बिनव्याजी असलं तरी फेडायचंच आहे मालक, तुमच्या नातवाला. पाईपलाईनसाठी घ्या, मी सही करतो. पगारासाठी आणि निवडणुकीच्या तोंडावरच्या घोषणांसाठी नको. तुम्ही दोन्हीला "खर्च" ह्या एकाच नावानं मागताय, आमचं भांडण तिथं आहे.

विडी घरकुल :
आणि माझ्या आईचे ५०० त्या दोन्हीत कुठं बसतात ते अजून कुणी सांगितलं नाही. मला रक्कम सांगा, किती महिने देणार ते सांगा, आणि कुठल्या खात्यातनं ते सांगा.