अपघात जागेवरच ‘मिटवला’, आता आईची मान दुखते आहे: पुढे काय करावे?

कातरवेळ:
मागच्या रविवारी साताऱ्याहून पुण्याला परतताना, खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर शिरवळच्या अलीकडे वाहतूक एकाएकी थांबली. मी ब्रेक लावला, पण मागच्या टेंपोने अशी धडक दिली की आमची गाडी पुढच्या पांढऱ्या मोटारीवर जाऊन आदळली. तासाभरात टेंपोचा मालक आला, त्याने मोबाइलवरून ८,००० रुपये पाठवले आणि ‘आमची काही तक्रार नाही’ असे लिहिलेल्या कागदावर माझी सही घेतली. ऊन फार होते, आई घाबरली होती आणि मलाही तिथून निघायचे होते. पोलिसांना कळवले नाही. आज पाचवा दिवस आहे. आईला (वय ६७) मान वळवता येत नाही. गॅरेजवाल्याने मागचा बंपर १२,००० आणि डिकीचे दार १८,००० असा अंदाज दिला आहे. गाडी ४ वर्षे ३ महिन्यांची असून पॉलिसी सर्वसमावेशक आहे, पण झीरो डेप (भागांवर घसारा न कापण्याची जादा सोय) घेतलेले नाही. सध्या नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ४५ टक्के मिळतो. त्या सहीनंतर आता काही करता येईल का?

नीराकाठ:
गाडीचे नंतर पाहू. आईंना आजच अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्या आणि केसपेपरवर अपघाताची तारीख, ठिकाण व मागून धडक बसल्याचा उल्लेख डॉक्टरांकडून आवर्जून लिहून घ्या. माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही घराजवळच्या दवाखान्यात गेलो आणि कागदावर फक्त ‘मानदुखी, ३ दिवस’ एवढेच लिहिले गेले. या वयात एक्स-रे काढला की मणक्यांची झीज दिसतेच, आणि समोरच्या विमा कंपनीच्या वकिलांनी त्या एका ओळीवरून हे दुखणे जुनेच आहे, असे दीड वर्ष लावून धरले. औषधांची बिले, रिक्षाच्या पावत्या, सगळे जपून ठेवा.

वकीलकाका:
सही तुमची आहे, दुखापत आईंची आहे. तुमच्या सहीने त्यांचा भरपाईचा हक्क संपत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली त्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात आणि त्यासाठी साताऱ्याला खेटे घालण्याची गरज नाही, कारण अर्जदार जिथे राहतो तिथेही हा अर्ज करता येतो. मुदत मात्र अपघातापासून ६ महिन्यांची आहे. पूर्वी मुदतच नव्हती, त्यामुळे ‘दोन वर्षांनी केला तरी चालतो’ असे सांगणारे अनुभवी लोक अजून भेटतात. त्यांचे ऐकू नका.

पोलिसांना २४ तासांच्या आत कळवण्याची जबाबदारी कलम १३४ ने चालकावर टाकली आहे, म्हणजे टेंपोचालकाइतकीच ती तुमच्यावरही होती. तरीही उशिरा का होईना, जाच. अर्जात विलंबाचे खरे कारण लिहा, ८,००० रुपये घेतल्याचे लपवू नका, आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोहोच घ्या. गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो हे खरे असले तरी पंचनामा हद्दीतलेच ठाणे करणार, म्हणून एकदा तिकडे जाऊन येणे सोयीचे पडेल. आईंना नेऊ नका. स्त्रीचा जबाब घ्यायला पोलिसांनी तिच्या घरी यायचे असते.

आणखी एक गोष्ट. त्या पांढऱ्या मोटारीचा क्रमांक तुमच्याकडे आहे का? तिच्या मालकाच्या दृष्टीने धडक तुमच्याच गाडीने दिली आहे. त्याने तक्रार केली आणि टेंपोचा उल्लेख कुठेच आला नाही, तर कागदोपत्री दोषी तुम्ही ठराल. ‘तक्रार नाही’ या तुमच्या कागदाची खरी अडचण ही आहे.

बिनधास्त_बापू:
माझे मत वेगळे आहे. पोलीस, कोर्ट या फेऱ्यांत माणूस थकतो. आणखी दहा हजार मागून घ्या आणि विषय संपवा.

नीराकाठ:
बापू, बंपरपुरते ते ठीक आहे. मानेला पुढे काय निघेल हे ठाऊक नसताना आकडा कशाच्या आधारावर मागायचा?

निवृत्त_सर्वेअर:
गाडीविषयी मी सांगतो. विमा कंपनीचा सर्वेअर (नुकसान तपासणारा) पाहून जाईपर्यंत गॅरेजवाल्याला एकही भाग काढू देऊ नका. कंपनीला आजच कळवून क्लेम क्रमांक घ्या. अर्जातली हकिगत आणि पोलिसांकडची हकिगत यांत फरक पडू देऊ नका. मी नोकरीत असताना सर्वांत आधी तेच ताडून पाहत असे.

क्लेम करावा की नाही, हे भावनेवर न सोडता हिशेबावर ठरवा. प्लास्टिकवर ५० टक्के घसारा कापला जातो, म्हणजे बंपरचे ६,००० हाती येतील. चार ते पाच वर्षांच्या गाडीच्या पत्र्यावर ३५ टक्के कापतात, म्हणजे डिकीच्या दाराचे ११,७०० मिळतील. यातून मालकाने स्वतः सोसायचे १,००० सक्तीचे वजा होतील (इंजिन १५०० सीसीच्या वर असेल तर २,०००). हाती साधारण १६,७०० येतील. रंगकाम आणि मजुरी यांचा हिशेब वेगळा.

आता बोनस पाहा. क्लेम न केल्यास पुढच्या नूतनीकरणाला ५० टक्के मिळाला असता आणि तो तसाच टिकला असता. क्लेम केल्यास तो शून्यावर येईल आणि मग २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या पुन्हा चढाव्या लागतील. पाच वर्षांतला फरक ५०, ३०, २५, १५ आणि ५ मिळून १२५ टक्के होतो, म्हणजे आजचा, बोनस वजा करण्यापूर्वीचा हप्ता कायम धरला तर तुमच्या सवा वर्षाचा हप्ता. हा बोनस फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळतो, थर्ड पार्टीच्या नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. तो हप्ता ९,००० असेल, तर ११,२५० रुपयांवर पाणी सोडून १६,७०० मिळतील. तुमच्या बाबतीत क्लेम परवडतो. नुसता बंपर असता, तर मीच नको म्हटले असते.

वकीलकाका:
मिळालेले ८,००० विमा कंपनीलाही सांगा. तिला टेंपोवाल्याकडून वसुलीचा हक्क असतो आणि तुमच्या सहीमुळे त्यात अडथळा येऊ शकतो. हे त्यांना आधी तुमच्या तोंडून कळलेले बरे. टेंपोच्या क्रमांकावरून त्याचा विमा चालू आहे का, हे परिवहनच्या संकेतस्थळावर पाहून त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. आणि आईंसाठी तुमच्या पॉलिसीतल्या १५ लाखांच्या वैयक्तिक अपघात विम्याकडे पाहू नका. तो मालक-चालकापुरताच असतो.

कातरवेळ:
सर्वांचा आभारी आहे. काल जाऊन आलो. वकीलकाकांची शंका खरी ठरली: पांढऱ्या मोटारीच्या मालकाने सोमवारीच अर्ज दिला होता आणि त्यात फक्त माझ्या गाडीचा क्रमांक होता. सुदैवाने माझ्या बहिणीने त्या दिवशी एक फोटो काढला होता, त्यात तिन्ही गाड्या एकामागे एक आहेत आणि टेंपोची नंबरप्लेट आमच्या डिकीत रुतलेली दिसते. ठाणे अंमलदारांनी तो फोटो दोनदा मोठा करून पाहिला आणि माझा अर्ज त्याच प्रकरणाला जोडून घेतला. टेंपोचा विमा चालू आहे. डॉक्टरांनी आईला गळपट्टा आणि तीन आठवडे विश्रांती सांगितली असून केसपेपरवर अपघाताची तारीख लिहून दिली आहे. सर्वेअर सोमवारी येणार आहेत. आईचा जबाब उद्या सकाळी ११ वाजता घरी होईल. टेंपो निळा होता यावर ती ठाम आहे, फोटोत मात्र तो हिरवा दिसतो.

वकीलकाका:
तिला फोटो दाखवून पढवू नका. रंग आठवत असेल तसा सांगू दे. क्रमांक कागदावर आहे.