केहिंदे वायली, नेपोलियनचा घोडा आणि "नक्कल" म्हणणारे

मैत्रेयी_ठाणे

परवा दुसऱ्या एका धाग्यावर रोखठोक यांनी केहिंदे वायली या काळ्या अमेरिकन चित्रकाराला चार ओळींत निकालात काढलं: "दाविदची पोज उचलायची, गोऱ्याच्या जागी काळा बसवायचा, मागे पडद्याचं कापड रंगवायचं, झालं चित्र. माणूस काळा नसता तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं." त्यावर धडाधड अंगठे पडले. तेव्हापासून माझा जीव खालीवर होतोय, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्या चित्रावरून हे निघालं ते "नेपोलियन लीडिंग द आर्मी ओव्हर द आल्प्स", 2005 चं, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममधलं. साधारण नऊ फूट बाय नऊ फूट. मूळ चित्र फ्रेंच चित्रकार जाक-लुई दाविदचं, 1801 चं. मुळात तेच धादांत खोटं आहे. मे 1800 मध्ये नेपोलियनने आल्प्समधली ग्रेट सेंट बर्नार्डची खिंड ओलांडली ती खेचरावर बसून. दाविदने त्याला मागच्या पायांवर उभ्या घोड्यावर चढवलं, झगा वाऱ्यावर उडवला आणि पायथ्याच्या खडकावर बोनापार्ट आणि त्याच्याआधी आल्प्स ओलांडलेले हॅनिबल, शार्लमेन अशी नावं कोरली. सत्ताधीशाची जाहिरातच ती. वायलीने घोडा ठेवला, झगा ठेवला आणि वर रस्त्यात भेटलेला एक तरुण बसवला. अंगात लष्करी छपाईचे कपडे, पायात टिंबरलँडचे बूट, हातावर टॅटू. खडकावर जुन्या तीन नावांच्या जोडीला चौथं नाव: विल्यम्स. नक्कल म्हणणाऱ्यांनी खडकापर्यंत नजर नेली होती का?

माणसं कशी निवडली तेही बघा. हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या काळ्या वस्तीत रस्त्यावर लोकांना थांबवून विचारायचं. जे तयार होतील ते स्टुडिओत येणार, जुन्या चित्रांची पुस्तकं चाळणार आणि कोणत्या सरदाराच्या, कोणत्या संताच्या पोजमध्ये उभं राहायचं ते स्वतः ठरवणार. युरोपच्या पोर्ट्रेटमध्ये काळी माणसं नव्हती असं नाही. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत पिएर मिन्यारने 1682 मध्ये केलेलं पोर्ट्समथच्या डचेसचं चित्र आहे. तिच्या कुशीशी एक काळी मुलगी आहे, हातात मोत्यांनी भरलेला शिंपला आणि पोवळं. मोती आणि पोवळ्यासारखीच तीही बाईसाहेबांच्या श्रीमंतीचा पुरावा. तिचं नाव चित्रावर नाही. मला विचाराल तर वायलीचं सगळं काम त्या मुलीच्या बाजूने उभं आहे.

रोखठोक

माझं नाव घेऊन धागा काढलात, तर उत्तर देणं भाग आहे.

विल्यम्सचं नाव कोरलं, मान्य. पण हा विल्यम्स कोण? काय करतो? कशाने हसतो, कशाने खचतो? चित्रातून काही कळत नाही, कारण चित्रात नेपोलियनची ऐट आहे, विल्यम्स नाही. गोऱ्यांचा घोडा, गोऱ्यांची सोनेरी चौकट, फक्त स्वार बदलला. म्हणजे मोठेपणाचं माप त्यांचंच राहिलं. काळ्या माणसाला भव्य दिसायला नेपोलियनचं खोगीर का लागावं?

याउलट स्पॅनिश चित्रकार वेलाझ्केझने 1650 मध्ये रोममध्ये केलेलं हुआन दे पारेहाचं पोर्ट्रेट बघा. पारेहा त्याचा गुलाम. घोडा नाही, पडदा नाही, करडी पार्श्वभूमी आणि सरळ तुमच्याकडे बघणारा माणूस. त्या नजरेपुढे आपण ओशाळतो. हे चित्र 1970 च्या लिलावात 23 लाख पौंडांवर गेलं, मग न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये आलं. पोर्ट्रेट म्हणजे हे.

आणि वायलीच्या माणसांमागच्या बऱ्याच वेलबुट्ट्या बीजिंगच्या स्टुडिओत सहायकांनी रंगवल्यात, हे मैत्रेयीताईंनी सांगितलंच नाही.

तैलरंग

सहायकांचा मुद्दा कृपा करून सोडा. सतराव्या शतकात अँटवर्पला थोर चित्रकार रुबेन्सची कार्यशाळा होती, पुढे स्वतः नावाजलेला व्हॅन डाइक तिथे हात मारायचा. तेव्हा कुणी "चित्र कुणाचं" म्हणून गळा काढला नाही.

माझी तक्रार वेगळी आहे: कातडी. वायलीची माणसं फोटोवरून केलेली आणि ते लपत नाही. स्टुडिओतल्या दिव्यांचा उजेड कपाळावर, गालावर एकसारखा चमकतो. काळ्या त्वचेत जो निळा-जांभळा उतरतो, तो केरी जेम्स मार्शल या काळ्या अमेरिकन चित्रकाराकडे बघा. तीन काळे रंग वापरतो तो, आयव्हरी ब्लॅक, कार्बन ब्लॅक आणि मार्स ब्लॅक. त्यात कोबाल्ट निळा, हिरवा, जांभळा मिसळून एकाच काळ्याच्या कितीतरी छटा काढतो. त्याची माणसं मुद्दाम गडद काळी, तरी प्रत्येक चेहरा वेगळा. आणि युरोप त्यालाही पाठ आहे: 2012 च्या "स्कूल ऑफ ब्यूटी, स्कूल ऑफ कल्चर" मध्ये हॉलबाइनच्या 1533 च्या "अँबॅसेडर्स" या चित्रातली तिरपी ताणलेली कवटी आहे. फक्त कवटीच्या जागी डिस्नेच्या झोपलेल्या राजकन्येचं सोनेरी केसांचं डोकं, काळ्या बायकांच्या ब्यूटी पार्लरच्या फरशीवर! उसनं घ्यायचं तर असं.

आमच्या कला महाविद्यालयात पोर्ट्रेट शिकवताना त्वचेचं एकच मिश्रण सांगायचे: पांढरा, यलो ऑकर, थोडा लाल. समोर बसलेला मॉडेल काळासावळा असला तरी तेच. सावली हवी असेल तर काळा मिसळा. चेहरा मातट व्हायचा.

कुंचला_कोल्हापूर

तैलरंग, तुम्ही दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. मी ऑर्डरची पोर्ट्रेट करतो, वडीलही हेच करायचे. गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन लोक येतात. दहापैकी नऊ वेळा पहिलं वाक्य ठरलेलं: "जरा उजळ करा." एका मुलाने वडिलांचा फोटो आणला होता. आयुष्य उसाच्या फडात गेलेला माणूस, उन्हाने रापलेला, कपाळावर टोपीची पट्टी राहिली तेवढाच फिका. मी तशीच कातडी रंगवली: बर्न्ट अंबर, अलिझरिन, सावलीत अल्ट्रामरिन, गालाच्या उंचवट्यावर आभाळाचा थंड निळा. काळ्या ट्यूबला हात लावला नाही. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम ते. मुलगा म्हणाला, "हे आमचे आबा आहेत खरं, पण भिंतीवर असे कसे लावू?" परत रंगवायला लावलं. मी उजळ केलं. पैसे मिळाले, आणि आबा गेले ते गेलेच.

त्यामुळे वायलीची त्वचा चमकते की नाही यात मला रस नाही. नऊ फुटांवर काळ्या माणसाला काळाच ठेवला आणि तो म्युझियमने भिंतीवर लावला, माझ्यासाठी तेवढं पुरे.

निशिगंधा

कुंचलादादा, वाचून गलबलून आलं. आमच्याकडे तर जिवंत माणसाचं हेच. लग्नाच्या अल्बममध्ये माझा चेहरा इतका पांढरा केलाय की हात आणि तोंड दोन वेगळ्या बायकांचे वाटतात. सासूबाईंनी फोटोग्राफरला आधीच सांगून ठेवलं होतं. लहानपणी रंगपेटीत "स्किन कलर" म्हणून फिकट गुलाबी कांडी यायची. मी चित्रात आईला त्या रंगाने रंगवायची, आई माझ्याहून सावळी असूनही. माझी मुलगी आता तेच करते.

एमी शेराल्ड या काळ्या अमेरिकन चित्रकर्तीच्या चित्रांबद्दल कुणी सांगेल का? मिशेल ओबामांचं 2018 चं पोर्ट्रेट तिचं. त्वचा करडी केली आहे. मला सुरुवातीला रागच आला होता, इथेही रंग काढून घेतला म्हणून.

तैलरंग

निशिगंधा, ती सगळ्यांचीच त्वचा करड्या छटांत करते. बघणाऱ्याने आधी रंग न बघता माणूस बघावा म्हणून. राग पटतो मला, पण तिच्या चित्रातले कपडे, बसण्याची ढब, नजर बघा. माणूस हरवत नाही.

रोखठोक

धागा पोर्ट्रेटचा आहे की गोरेपणाच्या क्रीमचा? लग्नाचे अल्बम, सासूबाई, रंगपेट्या. माझ्या मुद्द्याला एकानेही हात घातलेला नाही.

निशिगंधा

ज्याला घरात कधी "उन्हात जाऊ नकोस, आणखी काळी होशील" ऐकावं लागलं नाही, त्याला हे विषयांतर वाटणारच. पोर्ट्रेट कुणाचं करायचं आणि कोणत्या रंगात, हा एकच प्रश्न आहे. तुमच्या सोयीसाठी मी त्याचे दोन तुकडे करणार नाही.

न्यूजर्सीकर

2020 च्या जानेवारीत ब्रुकलिनने दाविद आणि वायली एकत्र लावले होते, दाविदचं चित्र फ्रान्समधल्या मालमेझोंहून आणून. मी पाहून आलो. दोन गोष्टी छापील चित्रात कळत नाहीत.

दाविदच्या चित्रात घोड्याच्या पोटाखालून बघितलं तर मागे तोफा ओढणारे शिपाई दिसतात, मुंग्यांएवढे. वायलीच्या चित्राच्या नावात "आर्मी" आहे, पण चित्रात सैन्यच नाही! डोंगर आणि आभाळ लाल-सोनेरी किनखापाने गिळून टाकलंय. सेनापती एकटा. दुसरं म्हणजे जवळ गेल्यावर त्या नक्षीत पोहणारे बारीक शुक्रजंतू दिसतात. पुरुषी ऐटीची त्याने तिथेच साल काढली आहे. तेव्हा रोखठोक, "मोठेपणाचं माप त्यांचंच राहिलं" हे चालणार नाही. ते माप किती पोकळ, हे चित्रातच लिहिलंय.

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरातला वायलीचा "रूमर्स ऑफ वॉर" हा पुतळा आठवा. तिथे मॉन्युमेंट अव्हेन्यूवर गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या जनरल स्टुअर्टचा 1907 पासूनचा अश्वारूढ पुतळा होता. वायलीने तोच घोडा घेतला आणि वर ड्रेडलॉक्स बांधलेला, हूडी आणि फाटक्या जीन्समधला तरुण बसवला. डिसेंबर 2019 मध्ये तो त्याच शहरात, व्हर्जिनियाच्या कला संग्रहालयासमोर उभा राहिला. जुलै 2020 मध्ये स्टुअर्टला खाली उतरवलं. उतरवलं ते वर्णद्वेषविरोधी आंदोलनाने, वायलीच्या पुतळ्याने नाही, हे मला कळतं. पण त्या शहरात घोडा उसना घेतला नसता तर बोलणं कुणाशी झालं असतं?

देवगिरी

काळ्या माणसाच्या रुबाबदार पोर्ट्रेटसाठी सगळे ब्रुकलिनला निघालेत, आपला मलिक अंबर कुणाला आठवला नाही. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला, खडकी (पुढचं औरंगाबाद) वसवली, 1626 मध्ये गेला, कबर खुलताबादला. 1620 च्या सुमाराचं त्याचं हाशिम या चित्रकाराने केलेलं चित्र आहे. पांढरा जामा, बाजूने दिसणारा चेहरा, त्वचेचा गडद रंग जसाच्या तसा. कुणी उजळ केला नाही!

आणि त्याआधी 1616 च्या सुमारास जहांगीरने आपला दरबारी चित्रकार अबुल हसन याच्याकडून काय काढून घेतलं? पृथ्वीच्या गोळ्यावर उभा राहून बादशहा अंबरच्या भाल्यावर खोचलेल्या मुंडक्यावर बाण सोडतोय. प्रत्यक्षात अंबर जहांगीरच्या हाती कधीच लागला नाही. दाविदचं खोटं आज कळलं म्हणून एवढी चर्चा, आमच्या मातीतलं खोटं त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीचं. शालेय पुस्तकांत अंबरला दोन ओळी. शहाजीराजे आणि अंबर भातवडीला एका बाजूने लढले, तेवढं सांगून पुढे. त्याचा चेहरा एकाही पुस्तकात मी पाहिला नाही. याचा मला मनापासून संताप येतो.

रोखठोक

देवगिरींनी माझंच म्हणणं सिद्ध केलं. अंबर स्वतःच्या जाम्यात उभा आहे. त्याला कुणाचा घोडा मागावा लागला नाही.

मैत्रेयी_ठाणे

अंबर वजीर होता म्हणून त्याचं चित्र निघालं! त्याच्याबरोबर ज्या हजारो हबशी माणसांची विक्री झाली त्यांची चित्रं कुठे आहेत? विल्यम्स वजीर नाही, कुणीच नाही, आणि तरी तो नऊ फुटांवर आहे. मी पहिल्यापासून हेच सांगतेय.

तुमच्या पारेहाचंही ऐका. ते चित्र मार्च 1650 मध्ये रोमच्या पँथिऑनमध्ये मांडलं गेलं, लोक थक्क झाले. त्या दिवशी पारेहा गुलामच होता. मुक्ततेच्या कागदावर वेलाझ्केझने सही केली नोव्हेंबरमध्ये, तीही आणखी चार वर्षं चाकरी करण्याच्या अटीवर. पारेहा स्वतः चित्रकार होता. इतकी थोर नजर रंगवणाऱ्याने तो माणूस आपल्या मालकीचाच ठेवला. तुम्ही त्या नजरेपुढे ओशाळता, ठीक. पण पोज पारेहाने निवडली नव्हती.

तैलरंग

दोघांनाही एक नाव सुचवतो, काळा अमेरिकन चित्रकार बार्कली हेंड्रिक्स. तरुणपणी 1966 मध्ये शिष्यवृत्तीवर युरोपात फिरला, रेम्ब्रांट, व्हॅन डाइक बघून वेडा झाला आणि त्या भिंतींवर आपलं कुणी नाही हे त्याच्या ध्यानात आलं. परत येऊन शेजारपाजारचे, नात्यातले लोक रंगवले, स्वतःच्या कपड्यांत, स्वतःच्या ढबीत. 1969 चं "लॉडी मामा": वरून कमानदार कॅनव्हास, मागे अस्सल सोन्याचा वर्ख, जुन्या चर्चमधल्या मेरीमागे असतो तसा, आणि पुढे मोठ्या आफ्रो केसांची त्याची एक नातलग. लोकांना ती काळ्यांच्या हक्कांच्या चळवळीतली पुढारीच वाटायची. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या फ्रिक कलेक्शन या संग्रहालयाने, म्हणजे रेम्ब्रांट आणि व्हॅन डाइकच्या माहेरघरानेच, त्याचं प्रदर्शन भरवलं. तो 2017 मध्ये गेला, त्याला पाहायला मिळालं नाही.

रोखठोक

"लॉडी मामा" आत्ता मोठं करून पाहिलं. हे मान्य. वर्ख युरोपचा आहे, पण बाई पूर्ण तिची तिची आहे. कुणाच्या पोजमध्ये उभी नाही, आणि वजीरही नाही, म्हणून मैत्रेयीताईंच्या अटीतही बसते. मला जे हवंय ते हेच, आणि ते वायलीच्या तीस-पस्तीस वर्षं आधी झालेलं आहे. वायलीबद्दल माझं मत बदललेलं नाही. सैन्य गायब आहे हा न्यूजर्सीकरांचा मुद्दा चांगला आहे, तेवढा लक्षात ठेवीन.

देवगिरी, हाशिमचं चित्र कोणत्या संग्रहालयात आहे?

देवगिरी

लंडनला, व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये. आणि ते मुंडक्याचं डब्लिनला, चेस्टर बीटीमध्ये. दोन्हींपैकी एकही इथे नाही, त्यावर वेगळा धागा काढतो.

कुंचला_कोल्हापूर

काढाच. तोवर अंबरच्या चित्राची चांगली मोठी प्रत कुणाकडे असेल तर मला पाठवा. ऑर्डर नाही, माझ्यासाठी करणार आहे, तेलरंगात.