आठवणी सांगणाऱ्या पॉडकास्टने राजकारणाकडे वळावे का?

तापीकाठ (रावेर): नमस्कार. मी मूळची ललित लेख लिहिणारी. आजीचे घर, केळीची बाग, वाड्यातली लग्ने असे माझ्याच जगण्यातले मी पॉडकास्टवर सांगत आले आहे. गेल्या उन्हाळ्यात वडिलांच्या बागेत पाने होरपळून घड सटकले. त्यावर केलेल्या पॉडकास्टच्या भागात विम्याचा विषय निघाला आणि तेव्हापासून विमा, कापसाचा भाव, जिल्हा परिषद यांवाचून पुढचे काही सुचतच नाही. काही श्रोत्या मैत्रिणी कळवतात, ‘ताई, तुमच्याकडे आम्ही निवांत व्हायला येतो.’ ते मनाला लागते. याच आवाजात राजकारणावर बोलावे का, आणि बोलायचे तर कसे?

अमळनेरकर: ताई, आपल्या भागाला हे नवे नाही. आईच्या आठवणींनी महाराष्ट्राला रडवणारे साने गुरुजी इथल्याच शाळेत शिक्षक होते आणि १९३८ मध्ये त्यांनी अमळनेरहूनच ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढले. ज्या कळवळ्याने त्यांनी आई सांगितली, त्याच कळवळ्याने शेतकरी आणि कामगारही मांडले. अवश्य बोला.

पांझराकाठ (धुळे): कळवळा हवाच, पण तो पुरणार नाही. आठवणीला कोणी पुरावा मागत नाही, राजकीय विधानाला मात्र मागितलाच पाहिजे. केळीचा फळपीक विमा हवामानावर आधारित आहे. म्हणजे थंडी-उष्णतेची भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदींवरून ठरते, बागेत किती घड पडले हे पाहून नव्हे. हे न सांगता तुम्ही केवळ वडिलांचा उतरलेला चेहरा उभा केलात, तर ऐकणारा हळहळेल, पण जाब तलाठ्याला विचारायचा, विमा कंपनीला की निकष ठरवणाऱ्या शासनाला, हे त्याला उमगणार नाही. म्हणून ते केंद्र बागेपासून किती लांब आहे, त्या आठवड्यात तिथे पारा किती नोंदला गेला आणि निकष सलग किती दिवसांचा आहे, हे आधी शोधा. तुमच्याहून वेगळ्या पक्षाला मत देणारा शेतकरीही माइकसमोर बसवा. घरचे कोणी निवडणुकीला उभे राहणार असेल, तर तेही सुरुवातीलाच सांगून टाका. आपल्याकडे नातीगोती गावाला ठाऊकच असतात.

एक श्रोती (नंदुरबार): ताई, निवांतपणा मागणाऱ्यांपैकी मीही एक आहे. मला राजकारणाचा नव्हे, आरडाओरड्याचा कंटाळा आहे. आमदारांना बोलवाल तेव्हा आजीला जसे विचारत होतात तसेच, न घाबरता आणि न रागावता विचारा, आणि उत्तर टाळले तर तोच प्रश्न पुन्हा अहिराणीत विचारा.