बर्फापेक्षा चाळीस अक्षांश वाईट

अंटार्क्टिकाच्या मोहिमेवरचं जहाज बर्फात शिरल्यावर जास्त हलत असेल असं वाटतं, पण खरं तर उलट होतं. बर्फाचा थर लाटा दाबून टाकतो, आत गेलं की ताटातलं वरण सांडत नाही. त्रास होतो तो दक्षिणेकडे चाळीस ते साठ अक्षांशांच्या पट्ट्यात. बर्फ फोडणाऱ्या जहाजाचा तळ गोलसर असतो, त्यामुळे उघड्या समुद्रात ते भोपळ्यासारखं डोलतं.

माझा भाचा (आमचा निफाडचा, द्राक्षवाल्यांचा मुलगा) अशा मोहिमेवर जाऊन आलाय. बारा तासांची पाळी, उन्हाळ्यात रात्रीही उजेड, म्हणून केबिनच्या खिडकीला जाड काळा पडदा. त्याचं काम सीटीडीवर, म्हणजे खोलीनुसार पाण्याचं तापमान आणि क्षारता मोजणाऱ्या यंत्रावर. सोबत पाण्याचे नमुने घ्यायला वेगवेगळ्या खोलीवर बंद होणाऱ्या नळकांड्या. हे सगळं मिनिटाला साधारण साठ मीटर वेगाने समुद्रात सोडायचं. चार हजार मीटर खाली जायला तासापेक्षा जास्त, वर येताना नमुने घेत आणखी वेळ. खरी धावपळ मात्र यंत्र डेकवर आल्यावर. समुद्राचं पाणी उणे १.८ अंशाला गोठतं आणि बाहेरची हवा त्याहून गार. क्षारता मोजायची नळी काचेची, आत पाणी राहून गोठलं तर ती तडकते. म्हणून यंत्र लगेच उबदार शेडमध्ये ढकलायचं. भाचा म्हणाला, “मामा, आपण थंडीत बागेत शेकोट्या पेटवतो ना, तीच घाई.”