इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ७२ हजारांचा लॅपटॉप कशाला?

माणदेशी मामा

भाची कराडला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. पहिलं सेमिस्टर कॉलेजची लॅब आणि रूममेटचा लॅपटॉप यांवर निघालं. आता स्वतःचा हवा म्हणते, त्यात गैर काही नाही. दाजींनी साताऱ्यात चौकशी केली, दुकानदाराने दोन कोटेशनं हातात ठेवली.

एक: इंटेल आय३-१२१५यू, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, १५.६ इंची फुल एचडी. ३७ हजार.

दोन: कोअर अल्ट्रा ५ १२५एच, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, १४ इंची ओलेड, अ‍ॅल्युमिनियम बॉडी. ७२ हजार.

दाजी दुसऱ्याकडे झुकलेत. 'एकदाच घ्यायचाय ना, मग चांगला घेऊ.' माझं मत उलटं आहे. पहिल्या वर्षाला सी, थोडं पायथन, गणित आणि ग्राफिक्सच्या शीट, एवढंच असतं. आय३ म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण या आय३ मध्ये सहा कोअर आहेत, दहा वर्षांपूर्वीचा दोन कोअरवाला आय३ नव्हे हा. वरच्या ३५ हजारांत पोरीची वर्षभराची मेस निघते. तिसऱ्या वर्षी गरज पडलीच तर तेव्हाचं चांगलं मशीन घेऊ.

'जीएसटी कमी झालाय, थांबा' असं कुणी सांगू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठे टीव्ही आणि एसी २८ वरून १८ टक्क्यांवर आले. लॅपटॉप आधीही १८ वर होता, आजही १८ वरच आहे.

बोला.

रात्रपाळी

मामा, असहमत. मेसचा हिशेब सोडून सगळ्याशी.

मी रात्रभर कोड लिहिणाऱ्यांची मशीन सांभाळतो. विंडोज ११ सुरू करून क्रोममध्ये आठ-दहा टॅब उघडले की ८ जीबीतली निम्मी रॅम तिथेच जाते. वर व्हीएस कोड, मागे यूट्यूबवर लेक्चर, मधूनच ऑनलाइन मीटिंग. मशीन बंद पडत नाही हो, पण प्रत्येक क्लिकला विचार करायला लागतं. मोबाइल अ‍ॅप बनवायचा अ‍ॅन्ड्रॉइड स्टुडिओ एम्युलेटरसकट (पडद्यावरच्या नकली फोनसकट) चालवायचा तर गूगल स्वतःच १६ जीबी सांगतं. ते काम पहिल्या वर्षाला नसेल, दुसऱ्या-तिसऱ्याला असेलच.

दुसरं, वय. आय३-१२१५यू २०२२ च्या सुरुवातीचा आहे. भाची २०२९ ला बाहेर पडेल तेव्हा तो सात वर्षांचा झालेला असेल. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट थांबवला, तेव्हा सातव्या पिढीपर्यंतची बहुतेक आय५, आय७ मशीन धडधाकट असूनही विंडोज ११ च्या यादीत नाहीत म्हणून बाहेर पडली. उद्या विंडोज १२ आलं आणि रेघ आणखी पुढे सरकली तर कुणाकडे दाद मागणार?

तिसरं, पडदा. स्वस्त मशीनवर 'फुल एचडी' ठळक छापतात. खाली बारीक अक्षरांत २५० निट्स (उजेड) आणि ४५ टक्के एनटीएससी (रंगांचा आवाका) असतं. म्हणजे खिडकीजवळ बसलं की काही दिसत नाही आणि लाल रंग विटकरी दिसतो. ती या पडद्याकडे रोज आठ तास बघणार आहे.

आज ३७ आणि तिसऱ्या वर्षी ४५, झाले ८२. दाजी बरोबर आहेत.

माणदेशी मामा

८२ च्या हिशेबात तिसऱ्या वर्षी हातात नवी बॅटरी आणि नवी वॉरंटी असलेलं मशीन असेल, हे कुठे धरलंत? ७२ वाल्याची वॉरंटी तोवर संपलेली असेल. आणि २०२८ मध्ये ४५ हजारांत जे मिळेल ते आजच्या ७२ वाल्याच्या तोडीचं असेल.

पेचकस

माझं सोलापुरात दुरुस्तीचं दुकान आहे, दोन्ही प्रकारची मशीन टेबलावर उघडी पडलेली रोज बघतो. तुम्ही दोघं किमतीवर भांडताय. जरा आत बघू.

मामांच्या ३७ वाल्यात बहुतेकदा एक रॅम बोर्डावर चिकटवलेली असते आणि एक स्लॉट रिकामा असतो, किंवा सरळ दोन स्लॉट असतात. म्हणजे ८ ची १६ होते. दाजींच्या ७२ वाल्यात, पातळ आणि अ‍ॅल्युमिनियमचं म्हटल्यावर, रॅम पूर्ण बोर्डावरच असण्याची शक्यता जास्त. रॅमपुढे एलपीडीडीआर५एक्स हा प्रकार लिहिला असेल तर बहुतेक तसंच समजा. आज १६ घेतली, २०२९ लाही १६ च. 'पुढचा विचार करून महाग घेतला' म्हणणाऱ्याचेच हात बांधलेले, असं हे गणित आहे.

आता ३७ वाल्याची दुखणी. प्रोसेसरमुळे माझ्याकडे कुणी येत नाही. येतात ते बिजागरीमुळे. स्वस्त बॉडीत बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमध्ये बसवलेल्या पितळी नटांत असतात. एका कोपऱ्याला धरून पडदा उघडायची सवय असली की दीड-दोन वर्षांत ते नट प्लास्टिकसकट उपटून येतात. आम्ही एरलडाइट लावून देतो, ते टिकेलच असं नाही. दुकानात मशीन हातात घेऊन पडदा मधोमध धरून उघडा आणि कीबोर्ड मध्यभागी दाबून बघा. खाली वाकला तर ठेवून द्या.

दुकानदार ३७ च्या जागी आणखी काय गळ्यात मारेल ते सांगतो. सेलेरॉन एन४५०० हा दुबळा प्रोसेसर किंवा एसएसडीऐवजी ६४ जीबी ईएमएमसी ही संथ साठवण असेल तर फुकट दिलं तरी घेऊ नका, ६४ जीबीत विंडोजचे अपडेटच मावत नाहीत. आणि एएमडीचा रायझन ५ ७५२०यू प्रोसेसर. नावात ७००० आहे, पाच आहे, लोक खूश. या नंबरातला तिसरा आकडा बघायचा. तो २ असेल तर आतली रचना झेन २ ची, म्हणजे २०१९ च्या पिढीची, आणि कोअर चार. ७५३०यू म्हणजे झेन ३, सहा कोअर. एका आकड्याचा फरक, पण मशीन वेगळं. ७५२०यू मध्ये रॅम वाढवायचीही सोय नाही. ८ जीबीवाला घेतला की कायमचा ८ जीबीवाला.

सिएटलकर

इकडून कुणी येत असेल तर सांगा. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप ड्युटीशिवाय आणता येतो. सेलमध्ये स्वस्त पडतो.

पेचकस

आणि बोर्ड गेला की वॉरंटीसाठी परत सिएटल. कराडच्या पोरीला ते परवडणार नाही.

लॅबवाल्या मॅडम

मी पॉलिटेक्निकला शिकवते. मुलं कोणता लॅपटॉप आणतात आणि त्यावर प्रत्यक्षात काय करतात, हे रोज समोर असतं. मामांच्या बाजूने.

पहिल्या दोन वर्षांत कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्याचं जवळजवळ कुठलंच काम या आय३ ला जड नाही. जावा, पायथन, माय एसक्यूएल, थोडं वेब. मशीन लर्निंगचं नाव काढून मुलं ग्राफिक्स कार्डाचा लॅपटॉप मागतात. सव्वादोन-अडीच किलोचं धूड, चार्जर वेगळा, बॅटरी दुपारपर्यंत. मग कळतं की मॉडेल गूगल कोलॅबवर फुकटच्या जीपीयूवर (ग्राफिक्स कार्डावर) इंटरनेटवरूनच चालतं आणि घरच्या कार्डावर फक्त गेम. पालकांना हे सांगायला गेलं की मुलं माझ्याकडे कसं बघतात, विचारू नका.

मेकॅनिकलचा विद्यार्थी असता तर माझं उत्तर वेगळं असतं. सॉलिडवर्क्सला १६ जीबी लागते आणि ते मॅकवर थेट चालत नाही, त्यामुळे मॅकबुकची गोष्टच मिटते. सिव्हिलवाल्यांचंही रेव्हिट आलं की तेच. धागा कॉम्प्युटरच्या मुलीबद्दल आहे.

रात्रपाळी, पडद्याचा तुमचा मुद्दा मात्र मान्य. पण त्याला ७२ हजार लागत नाहीत. जुना-नवा २२ इंची आयपीएस मॉनिटर रूमवर ठेवला तर डोळे जास्त सुखी राहतील. ओलेडचं कौतुक ऐकते, पण प्रकाश कमी केला की बऱ्याच ओलेड पडद्यांना लुकलुक असते. रात्री दिवा मालवून अभ्यास करणाऱ्या काहींचं डोकं त्याने दुखतं.

हिशेबनीस

एक मुद्दा सगळे विसरले. भाचीचं शैक्षणिक कर्ज असेल तर बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रमाला लागणारा कॉम्प्युटरही खर्चात धरता येतो. बिल द्यायचं. तेव्हा ७२ एकदम खिशातून जातीलच असं नाही.

माणदेशी मामा

आणि शिक्षण संपेपर्यंत त्या ७२ वर व्याज साचत राहील. कर्जावर घ्यायचा म्हणजे तर स्वस्तच घ्यायला हवा. दुकानदार 'नो कॉस्ट ईएमआय' सुद्धा म्हणतोय.

हिशेबनीस

व्याजाचं खरंय. नो कॉस्टला मात्र भुलू नका. रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती तुम्हाला मिळत नाही, तेच तुमचं व्याज. क्रेडिट कार्डावर असेल तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी वेगळी. आधी रोखीची किंमत विचारा, मग हप्त्याची.

पेंग्विन

३७ वाला घ्या, त्यात विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स मिंट टाका, ८ जीबी पुरून उरेल. विषय संपला.

रात्रपाळी

कॉलेजच्या ऑनलाइन परीक्षेचं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय उघडलं नाही तर विषय परत सुरू होईल.

मुख्य मुद्द्यावर येतो. पेचकसचं सगळं गणित 'रॅम नंतर वाढवू' यावर आणि मामांचं 'मशीन नंतर घेऊ' यावर उभं आहे. गेल्या काही महिन्यांत रॅमच्या किमती बघितल्यात? एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरी तिकडे ओढली जातेय. डीडीआर४ ही जुनी रॅम तर कंपन्या गुंडाळतच आणतायत, त्यामुळे तीही महागली. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजारात वर्षभरापूर्वीचा भाव सांगून बघा, माणूस हसेल. 'तिसऱ्या वर्षी स्वस्त होईल' हा नियम यंदा तरी लागू नाही. ७२ वाल्यात १६ जीबी आहे ती आजच्या भावात बांधून मिळतेय.

पेचकस

हे मात्र खरं. माझ्याकडच्या स्टिका मीच आता कपाटात कुलूप लावून ठेवतो.

पण यातून ७२ वाला घ्यावा असं निघत नाही. निघतं ते एवढंच की रॅम वाढवायची तर आत्ताच वाढवा, दोन वर्षांनी नव्हे. आज महाग पडली तरी ३७ अधिक रॅम मिळून ७२ च्या जवळपासही जात नाही. शिवाय रॅमचे दोन्ही चॅनल (मार्ग) भरले की आतल्या ग्राफिक्सचा वेगही वाढतो.

रात्रपाळी

आणि पडदा, बिजागरी, बॅटरी तीच.

पेचकस

बॅटरी दोन्हीची तीन वर्षांत थकणार. फरक असा की पातळ मशीनची अस्सल बॅटरी मिळायला वेळ लागतो. बाजारात मिळते ती 'कंपनीसारखी', आणि ती फुगते.

माणदेशी मामा

दाजींना हा सगळा धागा वाचून दाखवला. 'एआय पीसी' हा शब्द त्यांच्या डोक्यातून जात नाहीये, दुकानदाराने ७२ वाल्यावरचं स्टिकर दाखवलंय.

रात्रपाळी

तिथे मी तुमच्याच बाजूने. मायक्रोसॉफ्टच्या 'कोपायलट प्लस पीसी' या एआय दर्जाला एनपीयू (एआयचं काम करणारा प्रोसेसरमधला भाग) किमान ४० टॉप्सचा लागतो, टॉप्स हे त्याच्या वेगाचं माप. १२५एच चा ११ च्या आसपास आहे. स्टिकरला पैसे देऊ नका. प्रोसेसर आणि पडद्याला द्या म्हणतोय मी, ते अजूनही म्हणतोय. आणि भाचीला विचारलंत का? चार वर्षं पाठीवर ती वाहणार आहे. १५.६ इंची आणि १४ इंची दोन्ही दप्तरात घालून बघू दे तिला.

माणदेशी मामा

विचारलं. ती म्हणते मोठा पडदा हवा आणि उरलेल्या पैशात मॉनिटर नको, सायकल द्या, होस्टेल लांब आहे. दाजी ३७ वर आले. ८ ची १६ करूनच बिल करायचं ठरलंय. दुकानदार रॅम बसवून देतो म्हणतोय, पण वॉरंटी राहील हे बिलावर लिहून द्यायला तयार नाही.

पेचकस

रॅम बसवली म्हणून सहसा वॉरंटी जात नाही, उघडताना काही तुटलं तर जाते. मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल कंपनीच्या साइटवर असतं, त्यात रॅम ग्राहकाने बदलायची की नाही ते लिहिलेलं असतं. ते त्याच्यापुढे धरा आणि बिलावर रॅमचा सिरीयल नंबर टाकून घ्या. तरी नाही म्हणाला तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरवर बसवून घ्या, थोडे पैसे घेतील.

रात्रपाळी

आणि बसवल्यावर टास्क मॅनेजरमध्ये १६ दिसतेय का ते तिथेच बघा, घरी येऊन नको.